बिनदातांच्या गावातला डॉक्टर

माझ्या टाकीतला एकही मासा आजवर आजारी पडलेला नाही, हे मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत असे. मी दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं आणि माझी हत्यारं आत, त्यामुळे उलट बोलायची कोणाची टाप नव्हती! बाहेरच्या खोलीत, बाकासमोर, माझी खाऱ्या पाण्याची टाकी. दाढांना लावला नसेल एवढा जीव मी तिला लावला होता. नवा मासा आला की आधी वेगळा ठेवायचा, औषधपाणी करायचं, मगच आत सोडायचा. किड्याचा मागमूस नाही. मी टाकीपुढे रमलेलो असलो आणि कोणी चौकशी केली, की काउंटरवर बसणारी माझी बायको मान वर न करता सांगायची, "डॉक्टर कामात आहेत. बसा थोडं."

एकदा माशांच्या दुकानात मला तो दिसला. बोटाएवढा, निळा, अंगावर काळा पट्टा. हा मासा समुद्रात मोठ्या माशांच्या अंगावरचे किडे वेचून खातो. त्यांच्या जबड्यात शिरून साफसफाई करतो आणि ते त्याला गिळत नाहीत. म्हणजे आमच्याच धंद्यातला! मी तिथेच हरलो.

मासेवाला म्हणाला, "डॉक्टर, हा राहू द्या. घरच्या टाकीत टिकत नाही."

"मग विकायला कशाला ठेवलाय?"

"तुमच्यासारखे मागतात ना."

मला ते कौतुकच वाटलं. सगळे नियम गुंडाळून मी त्याला त्याच संध्याकाळी टाकीत सोडलं.

बिचारा लगेच कामाला लागला. एकेका माशापुढे जाऊन ठुमकायचा, अंगावरून नजर फिरवायचा आणि पुढच्याकडे वळायचा. पण अंगावर किडा असेल तर ना! मी घासूनपुसून सगळ्यांना लख्ख ठेवलेलं. कोळंबीचा कीस दिला, तो त्याने तोंडात घेऊन थुंकला. शिंपला फोडून दिला, त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याचं पोट खपाटीला गेलं, आणि मला माझ्या स्वच्छतेचा आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

मग एक दिवस काच पुसायला हात घातला, तर हा आला आणि माझ्या नखाजवळचं सालपट टिपायला लागला. मला इतका आनंद झाला की आतल्या खुर्चीत एक गृहस्थ तोंडात कापूस घेऊन पडलेत हे मी साफ विसरलो. पण माझा हात दिवसभर साबणाने धुतलेला. त्यावर खाण्यासारखं उरणार काय? दोन चोची मारून साहेब निघून गेले.

तेव्हा मला ती अक्कल सुचली. शिंपीमामा दाढ धरून बाकावर बसले होते. त्यांची बोटं सुईने खरखरीत झालेली. मी त्यांना हात नुसत्या पाण्याने खळखळून धुवायला लावला आणि टाकीत घालायला सांगितलं. मासा धावत आला. गुदगुल्यांनी मामा दाढ विसरले आणि दाढ न दाखवताच घरी गेले. जाताना त्यांनी गावभर केलं. दुसऱ्या दिवशी बाकावर जागा नाही! कोणाला भेगा, कोणाला खरूज, कोणाला नुसतीच हौस. दात मात्र एकाचाही दुखत नव्हता. मी खुशीत होतो. माशाचं पोट काही भरत नव्हतं, पण माझं नाव होत होतं.

आणि एका बाईंनी क्रीम चोपडलेला हात आत घातला. पाण्यावर तेलाचा तवंग आला. सगळे मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. आम्ही दोघांनी साठवलेलं खारं पाणी घागरी भरभरून ओतलं आणि टाकीतलं पाणी बदललं. मासे वाचले. निळा तेवढा दगडाला टेकून पडून राहिला. त्याच्या पाठीचं हाड दिसत होतं.

बायको ओल्या साडीने बाकावर बसली. तिने आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"अहो, तुम्हाला कोणी उचलून बिनदातांच्या गावात नेऊन बसवलं, आणि वर काचेतून बघत म्हणालं की काय छान डॉक्टर आहे, तर?"

मी म्हटलं, अगं, पण मी त्याच्यासाठी एवढं करतोय.

"तुमच्याच धंद्यातला ना तो? मग तिकडे त्याच्या पेशंटांचं काय? ते येऊन बघत असतील. दवाखाना बंद, आणि दारावर पाटीसुद्धा नाही."

आपली टाकी हेच त्याचं दुखणं आहे, हे मनात येऊन मला खरंच रडू आलं.

सकाळी आम्ही त्याला डब्यात घालून मोठ्या मत्स्यालयात नेलं. तिथल्या बाई आधी नाहीच म्हणाल्या. हौस फिटली की सगळे इथे आणून टाकतात, असं त्यांनी सुनावलं. मी मान खाली घालून ऐकलं. मग त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि त्याला आत नेलं. जगेल याची खात्री नाही, असंही सांगितलं. समुद्रात परत सोडता येईल का, हे मी विचारलं. कुठल्या समुद्रातून आणलाय, असं त्यांनी उलट विचारलं. ते मला ठाऊक नव्हतं. मी दुकानात विचारलंच नव्हतं.

कितीतरी दिवसांनी बाईंचा निरोप आला, तेव्हा आम्ही पाहायला गेलो. खोलीएवढी टाकी. त्यात पोत्याएवढा एक मासा आ वासून शांत थांबलेला. न सांगता! माझ्या पेशंटांना तीनतीनदा सांगावं लागतं. आणि त्या जबड्यात आमचा निळा, गुटगुटीत झालेला, दात कोरत होता. त्या मोठ्या माशामागे आणखी दोघे नंबर लावून उभे होते.

मी काचेला बोट लावलं. तेच बोट, तेच नख. त्याने वळून पाहिलं नाही. मी दुसऱ्या बाजूने जाऊन लावलं. तरी नाही. तिसऱ्यांदा निघालो, तेव्हा बायकोने माझी बाही धरली.

"डॉक्टर कामात आहेत," ती म्हणाली, "बसा थोडं."

समोर बाक होता. मी बसलो.