गवती चहाचे गुणधर्म

गुण.
गवती चहाने घाम येतो, ताप उतरतो, चोंदलेलं नाक मोकळं होतं. हे मनोहररावांनीच गल्लीभर सांगितलं होतं. त्यामुळे थंडी पडल्याबरोबर हुडकेश्वर रोडवरच्या त्या गल्लीतलं प्रत्येक नाक त्यांच्या फाटकाशी येऊन पाती कापून न्यायचं. रामटेकहून आणलेला गड्डा यंदा बोटभर उरला.

"आता मरते हा."

"मंग नाही म्हणा लोकायले," त्यांच्या पत्नी यमुताई म्हणाल्या.

"नाही कसं म्हणू वं? मीच तर सांगत फिरलो!"

उपाय.
त्यांनी गड्डा कुंडीत घालून गच्चीवर लपवला आणि फाटकाशी रिकाम्या प्लॉटवरचं, दिसायला तसंच गवत लावलं. वास नाही म्हटल्यावर लोक आपोआप यायचे थांबतील.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या तुळसाबाई कात्री घेऊन हजर.

"भाऊजी, कालच्या पातीनं काय घाम आला जी! आणखी नेऊन राहिली."

"वास आला का, वहिनी?"

"नाक बंद आहे तर वास कुठून येईन? काहीही विचारता!"

हे मनोहररावांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

रोगी.
पाचव्या दिवशी त्यांनाच सर्दी झाली.

"यमू, गच्चीवरची पाती टाक. खालची नको."

तीन दिवस त्यांनी आलं-गूळ घातलेला चहा घोट घोट घेतला. "याले म्हणतात अस्सल माल! लोक बिचारे गवत पिऊन राहिले."

चौथ्या सकाळी नाक उघडलं. त्यांनी कप हुंगला. पुन्हा हुंगला.

"याले वासच नाही वं!"

"माह्या गुडघ्यानं गच्ची चढणं होते का? फाटकातलीच टाकून राहिली."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही इतके गुण सांगून राहिले होते, मी कशाले मधात बोलू?"

उतार.
मनोहरराव तडक गच्चीवर गेले, खरी पाती कापली आणि फाटकाशी आले. तुळसाबाई वाकून उरलंसुरलं गवत कापत होत्या.

"ते सोडा वहिनी. हे न्या. अस्सल आहे."

तुळसाबाईंची सर्दी एव्हाना गेली होती. त्यांनी पाती नाकाशी धरली आणि लगेच परत केली.

"इश्श, किती वास मारते! आम्ही नेतो त्याले कधीच वास नसते. मले नेहमीचंच द्या भाऊजी, नातवाले सर्दी आहे."

"ते तर संपलं."

"असं कसं जी? अख्खी गल्ली तुमच्या भरवशावर आहे!"

संध्याकाळी मनोहरराव खुरपं आणि थैली घेऊन रिकाम्या प्लॉटकडे निघाले.