गेटपासून एकशे दहा पावलं

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या वडिलांना सुरतच्या एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. आतड्यातली गाठ काढायची होती. नऊ वाजून बारा मिनिटांनी गुलाबकाकांनी मला विचारलं, "खमण खाशी का लोचो?"

मी रिपोर्टांची फाइल चाळत होतो. त्याने त्यांचं काही अडलं नाही. खमण आता जड पडेल, लोचो मऊ असतो, वाफेवरून थेट ताटलीत येतो, वर तेल, कांदा आणि शेव, आणि अकराच्या आत संपतो, अशी माहिती त्यांनी दिली. दुकान मागच्या गेटपासून दीडशे पावलांवर होतं. "पहिले जेवन, मंग डागदर," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली फाइल काढून घेतली.

गुलाबकाका आमच्या गावचे. गाव शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर. वय अडुसष्ट. आमच्यासारखेच केळी आणि ऊस लावतात. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. वडील आणि ते सातवीपर्यंत एका बाकावर होते. याहून जवळचं नातं नाही.

आमच्या भागातला आजार नंदुरबारच्या डॉक्टरांच्या हाताबाहेर गेला की बहुतेक वेळा सुरतेला जातो. गावातला पेशंट निघाला की गाडीत चौघं असतात: पेशंट, पेशंटचा मुलगा, रिपोर्टांची पिशवी आणि गुलाबकाका. त्यांना कोणी बोलावत नाही. पहाटे ते पिशवी घेऊन ओट्यावर बसलेले असतात. माझ्या मोजणीप्रमाणे त्यांनी आजवर एकोणीस पेशंट सुरतेला नेले. ते स्वतः चोवीस सांगतात. उरलेल्या पाचांची खात्री मला करता आली नाही.

पेशंट नसला तरी ते जातात. महिन्यातून एकदोन सोमवारी सकाळच्या गाडीने एकटे सुरतेला, संध्याकाळी परत. कशाला गेला होता, असं कोणी विचारलं तर एकच उत्तर, "जेवाले गऊ व्हतु." गावाने हे उत्तर जसंच्या तसं स्वीकारलं आणि त्यांना चिकटवलं. लोकांची दुखणी हे यांच्या जेवणाचं निमित्त, असं सगळे समजून चालले. चहाच्या टपरीवर त्यांना ऐकवलं जाई, "गुलाबभाऊ, कोनी आजारी नही पडनं का? उपाशी मरी जाशात तुम्ही."

काका कप खाली ठेवून म्हणत, "पडी ना कोनी. तू खोकली ऱ्हायना, तुन्हावरच नजर शे मन्ही."

सुरतेत जुनी, नाव कमावलेली खाण्याची ठिकाणं पुष्कळ आहेत. काकांना ती बहुतेक सगळी माहीत आहेत. ठिकाण पसंत करण्याचा त्यांचा पहिला नियम असा, की मालक जिथे स्वतः जेवतो तिथेच जेवायचं. इस्पितळाजवळच्या जुन्या थाळी लॉजचे मालक रमणीकभाई रोज दोन वाजता गिऱ्हाइकांच्या रांगेत बसून जेवतात, म्हणून ते लॉज पहिल्या नंबरावर. तिथे काकांचा एकदा वाद झाला होता. सुरती डाळीत गूळ असतो. काकांच्या खिशात मलमाच्या रिकाम्या डबीत नंदुरबारची लाल मिरची असते. त्यांनी डबी उघडली आणि गल्ल्यावरून रमणीकभाई उठून आले. आमच्या डाळीत काय कमी आहे, असं त्यांनी गुजरातीत विचारलं. काका म्हणाले, "दाय चांगली शे, पन जपेल शे. तिले उठाडस." डाळ झोपली आहे, तिला उठवतोय, हे रमणीकभाईंना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी चिमूटभर मिरची स्वतःच्या वाटीत टाकून पाहिली. आता चार नंबरच्या टेबलावर लाल मिरचीची वाटी असते. ती भरून देण्याचं काम काकांकडे आहे.

काका शाकाहारी आहेत. अक्कलकुव्याच्या अय्यूबचाचांना, म्हणजे आमच्या सगळ्यांचे कपडे शिवणाऱ्या टेलरना, मुतखड्यासाठी नेलं तेव्हा त्यांच्या दोन मुलांना कुठे जेवायला पाठवायचं, हा प्रश्न काकांनी असा सोडवला: सामिष खाणावळीसमोरच्या टपरीवर पाऊण तास चहा घेत बसले आणि आत जेवणाऱ्यांकडे पाहत राहिले. निकष त्यांनी मला नंतर सांगितला. "जेवनारासनी मान दख. वर व्हई नही ऱ्हायनी म्हनजे माल चांगला शे." ब्रह्मदेशातून परतलेल्या लोकांनी आणलेला रांदेरचा खावसा, म्हणजे नारळाच्या रश्शातले नूडल्स, शहरात सगळ्यात चांगला, हे त्यांना मान्य होतं. पण मुलांना त्यांनी तिकडे जाऊ दिलं नाही. कारण इस्पितळ आणि रांदेर यांच्या मधे तापीवरचा पूल येतो. पुलावर गर्दी असते. चवीचा आणि पुलाचा संबंध काय, हे तेव्हा कोणालाच कळलं नाही.

एका वर्षी मी काम करतो त्या दैनिकाच्या दिवाळी पुरवणीसाठी मी त्यांच्याकडून यादी मागितली: सुरतेला गेल्यावर जेवावं अशी दहा जुनी ठिकाणं. त्यांनी वहीच्या दोन पानांवर ती लिहून दिली. लॉज, गेटपासून एकशे दहा पावलं, पायऱ्या तीन, खुर्चीला पाठ आहे. पारशाची बेकरी, दोनशे चाळीस पावलं, बसायला जागा नाही, बटर बिस्किटं बांधून मिळतात. आलूपुरीवाला, तीनशे पावलं, मधे सिग्नल, घाई असेल तर जाऊ नये. दहाही ठिकाणं कुठल्या ना कुठल्या इस्पितळाच्या गेटपासून मोजलेली होती. संपादकांनी पानं परत पाठवली. वर लिहिलं होतं: चव कुठे आहे?

मी काकांना तेच विचारलं. ते म्हणाले, "चव जीभले समजस. येवाले-जावाले किती येळ लागस, ते माले इचार." यादी छापली गेली नाही.

मंगळवारी अडचण वेगळीच होती. आईला मधुमेह आहे. सकाळी सहा वाजता तिने साखरेची गोळी घेतली आणि सात वाजता जाहीर केलं, की वडील डोळे उघडेपर्यंत ती पाण्याशिवाय काही घेणार नाही. हा निर्णय तिने गोळी घेण्याआधी कळवला असता तर बरं झालं असतं.

ऑपरेशनला चार तास लागतील, शुद्धीवर यायला त्यापुढे तासदोन तास, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई थिएटरच्या दारासमोरच्या बाकावर बसली. साडेनऊला काकांनी मला लोचो खायला पिटाळलं. मी तिच्यासाठी डबा भरून आणला. तिने मान फिरवली. अकरा वाजता काका स्वतः जाऊन पारशाच्या बेकरीतून जिऱ्याचं बटर घेऊन आले, भट्टीतून आत्ताच निघालं आहे, हात लावून बघा, म्हणाले. तिने हात लावला नाही. मग त्यांनी लॉजच्या थाळीत कोणत्या वारी कोणती भाजी असते ते सोमवारपासून सांगायला सुरुवात केली. बुधवारपर्यंत आल्यावर आई म्हणाली, "गुलाबभाऊ, मन्हा घास उतरस नही. तुम्ही खा."

काकांनी लोचोच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. सकाळपासून त्यांनीही काही खाल्लं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

बारा वीसला आईचा हात थरथरायला लागला. कपाळावर घाम आला. मी नर्सला बोलावलं. साखर साठच्या खाली होती. आत्ताच्या आत्ता काहीतरी खा, नाहीतर खाली नेऊन सलाईन लावावी लागेल, असं नर्सने बजावलं. आईने सलाईनला हरकत घेतली नाही. फक्त ती याच बाकावर लावावी, असं तिचं म्हणणं होतं. मी तिला रागावलो. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती दाराकडे पाहत होती.

काका बाकावरून उठले आणि तिच्यासमोर फरशीवर उकिडवे बसले. "वहिनी," ते म्हणाले, "मीराना येळले मी बी असाच बठेल व्हतु."

मीराकाकू बारा वर्षांपूर्वी सुरतेतच गेल्या, एवढं गावाला माहीत होतं. पुढचं काकांनी त्या दिवशी सांगितलं. आमच्या घरातही ते कोणाला ठाऊक नव्हतं. काकू तीन दिवस बेशुद्ध होत्या. काका तीन दिवस बाकावर होते. बरोबर कोणी नव्हतं. इस्पितळाबाहेर काय आहे, कुठे जेवण मिळतं, तिथे जाऊन यायला किती वेळ लागतो, यातलं काही माहीत नव्हतं. आणि आपण उठलो आणि नेमकं तेव्हाच आतून नाव पुकारलं तर, या भीतीने ते हलले नाहीत. जिन्याखाली चहा मिळत होता, त्यावर राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी चहाला उतरताना जिन्यात चक्कर येऊन पडले. लोकांनी त्यांना खालच्या मजल्यावर खाटेवर निजवलं. त्याच सुमाराला काकू शुद्धीवर आल्या. नर्सने बाहेर येऊन नाव पुकारलं. बाकावर कोणी नव्हतं. काका दोन तासांनी वर आले तेव्हा काकूंची शुद्ध पुन्हा गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

"नर्सनी मंग सांगं माले," काका म्हणाले. "ती एकच गोट इचारी ऱ्हायंती. त्या जेवनात का."

नवरा जेवला का, एवढंच काकूंनी विचारलं होतं.

"अन मी खाले सलाईन लाईसन पडेल व्हतु."

आईने दारावरची नजर काढली आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "मांगे नाव पुकारं तर?"

"मी बठेल शे ना. मी ओ देसु," काका म्हणाले. "मंग तुमले लेवाले पयत येसु. एकशे दहा पावलं शेत. मोजेल शेत."

सकाळच्या चहाबरोबर आलेली साखरेची पुडी त्यांनी खिशातून काढली आणि उघडून पुढे केली. आईने ती तोंडात टाकली. दहा मिनिटांनी तिचा हात स्थिर झाला. बारा पन्नासला ती माझा हात धरून उठली.

मी पावलं मोजली. एकशे चौतीस भरली. आई हळू चालत होती. पायऱ्या तीनच होत्या आणि खुर्चीला पाठ होती. काकांनी बाकावरून फोन केला असावा, कारण आम्ही टेकलो तेव्हा चार नंबरवर पानं वाढलेली होती. "बेन, पहेला दाळभात," म्हणून रमणीकभाईंनी वाटी पुढे सरकवली. आईने पहिला घास तोंडात धरून ठेवला. दुसरा पटकन गेला. मग तिने मान वर केली नाही.

हात धुऊन झाल्यावर तिने रमणीकभाईंना विचारलं, की गुलाबभाऊ सोमवारी येतात ते इथेच का. ते म्हणाले, "आवे छे. ओछुं खाय छे, घडियाळ वधारे जुए छे." खातात कमी, घड्याळाकडे जास्त पाहतात. बसल्यापासून हात धुवेपर्यंत किती मिनिटं लागली ते लिहून घेतात. एकदा भात उशिरा आला म्हणून त्यांनी तक्रार केली होती, तीही भातापेक्षा मिनिटांची जास्त होती. आजूबाजूच्या इस्पितळांतून गावाकडचे लोक येतात आणि गुलाबभाईंनी पाठवलं म्हणतात; काका स्वतः त्या दिवसांत कधी दिसत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. पेशंटचे लोक जेवायला येत तेव्हा बाकावर कोण बसत होतं, ते आम्हाला आता ठाऊक होतं.

एक वाजून बावीस मिनिटांनी आम्ही परत आलो. काका फाइल मांडीवर ठेवून दाराकडे तोंड करून बसले होते. नाव पुकारलं नव्हतं.

आई त्यांच्या शेजारी बसली. "आते तुम्ही जा," ती म्हणाली.

काकांनी भूक नाही म्हणून सांगितलं. आईने फाइल त्यांच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. "जा. मी ओ देसु."

ते उठले, दोन पावलं गेले, वळून दाराकडे पाहिलं आणि मग जिना उतरले. चौदा मिनिटांत परत आले. शर्टावर डाळीचा एक थेंब होता.

दोन वाजून पाच मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली होती. तपासणीचा अहवाल आठवड्याने मिळणार होता, पण दिसायला तरी ती साधी वाटते, असं ते म्हणाले. तीन पंचवीसला नर्सने वडिलांचं नाव पुकारलं. मी उभा राहण्याआधी आई "ओ" म्हणून दारापाशी पोचली होती. आत एकालाच सोडत होते.

सात मिनिटांनी ती बाहेर आली. काका उभेच होते.

"डोया उघाडात?"

"उघाडात."

"काय इचारं?"

"केयीले पानी सोडं का, ते इचारं."

केळीच्या पाण्याचं ऐकून काकांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मंग तुम्ही काय सांगं?"

"मी सांगं, मी जेवनू," आई म्हणाली.