साहेबांच्या पेटीला दाखवलेलं ऊन

हैदराबादचे प्रोफेसरसाहेब उद्या येणार असं पत्र आलं आणि पांडुरंगरावांनी दुकानाची फळी भर दुपारी खाली ओढली. साखर मागायला आलेल्या धोंडीबाला त्यांनी सांगितलं, "आज साखर नाई. आज विज्ञान हाय."

तलमडुगू मंडलातल्या त्या गावात सिमेंटची गच्ची फक्त पांडुरंगरावांच्या घराला होती. त्या गच्चीपायी फेब्रुवारीत साहेब त्यांच्याकडे आले होते. आभाळातून अतिशय बारीक कण सारखे पडत असतात, पत्र्यातून, भिंतीतून, माणसातून आरपार जातात, आणि एक्स-रेच्या फिल्मवर आपला माग ठेवून जातात, असं साहेबांचं संशोधन. अशा फिल्मा भरलेली बारा काळी, चिकटवलेली पाकिटं एका पत्र्याच्या पेटीत घालून त्यांनी गच्चीवरच्या खोलीत ठेवली आणि जाताना बजावलं, "ये खोलना नक्को. उजाला लगा तो सब खतम." वर असंही म्हणाले, की काम नीट झालं तर पुस्तकात आभार मानू, नावासकट.

नावासकट! पांडुरंगरावांना दुसरं काही ऐकूच आलं नाही. गावचे पोस्टमास्तर माणिकराव यांचं नाव सरपंचांच्या लग्नपत्रिकेत 'आपले नम्र' खाली सातवं छापून आलं होतं, आणि ती पत्रिका ते दोन वर्षं खिशात घेऊन फिरत होते. पांडुरंगरावांच्या पोटात तेव्हापासून आग होती. आता तर इंग्रजी पुस्तक! दुकानात सुतळी घ्यायला येणाऱ्यालासुद्धा ही बातमी सुतळीबरोबर बांधून मिळत होती.

घरात मात्र त्यांनी बायकोला, रेणुकाबाईंना, एवढंच सांगितलं होतं, "वरच्या पेटीत आभाळातले कण धरून राह्यलो. हात लावायचा नाई."

"काऊन?"

"काऊन म्हनून इचारायचं नाई. तुले नाई समजनार."

पेटीवरची धूळ पुसावी म्हणून ते आता वर गेले. झाकण उघडलं आणि नाकात कडुलिंबाचा वास शिरला. पाकिटांच्या मधे मधे वाळलेला पाला, आणि प्रत्येक पाकिटाच्या तोंडाला ताजी खळ.

"अवं!" पांडुरंगराव जिन्यातूनच ओरडले. "या पेटीत पाला कोनं टाकला?"

"मीच," रेणुकाबाई चुलीपासून म्हणाल्या. "दसऱ्याच्या आधी सारं घर उन्हात घालतो ना आपन? गाद्या घातल्या, तुरीची दाळ घातली. पावसाळाभर साहेबाची वस्तू बंद होती, कुबट वास येऊन राह्यला होता. मंग पाकिटं ओल्या बोटानं सोडवली, आतले गुळगुळीत कागद काढले आन् बाजेवर पसरले. तीन दिवस. दुपारी उलटे बी केले, दोन्ही अंगांनी वाळावं म्हनून."

"दोन्ही अंगांनी!" पांडुरंगराव पायरीवरच बसले.

"पापडावानी कुरकुरीत झाले बाप्पा. परक्याची वस्तू खराब झाली तं नाव कोनाचं जाते?"

नाव! तेच तर चाललं होतं. पांडुरंगराव जेवले नाहीत. रेणुकाबाईंनी विचारलं तर म्हणाले, "आठ महिन्यांचे कण तू उडवून टाकले." तरी सकाळपर्यंत त्यांनी एक तोड काढलीच. दोन-तीन पाकिटांचे कोपरे फाडले, पेटीत मूठभर ज्वारी विखुरली आणि साहेब ओट्यावर टेकताच हात जोडून म्हणाले, "साब, गजब हो गया. चूहे घुस गये. सब कुतर डाले."

साहेबांचा चेहरा पडला. पण ते काही बोलायच्या आधीच रेणुकाबाई चहाचा पेला ठेवून उभ्या राहिल्या. काहीही ऐकून घेतलं असतं त्यांनी. पण त्यांच्या घरात उंदीर?

"झूठ बोल रहे ये, साब! मेरे घर में चूहा नहीं. मैंने धूप दिखाई. तीन दिन. दोनो तरफ से!"

साहेबांनी पेटी उघडली, पाकिटं मोजली आणि पुन्हा मोजली.

"ग्यारह हैं. बारहवाँ?"

पांडुरंगराव गारठले. आता चोरीचाही आळ!

"ते मी कुठं वाळवलं?" रेणुकाबाई नवऱ्याकडे वळल्या. "ज्वारीची कोठी डुगडुगून राह्यली होती. वीट जाड व्हायची, पुठ्ठा दबायचा. साहेबाचं पाकीट बरोब्बर बसलं. होळीपासून कोठीच्या पायाखाली हाय. सांगा त्यांले."

पांडुरंगरावांना हे हिंदीत सांगताना तीनदा घाम पुसावा लागला. पण साहेब ऐकता ऐकताच उठले आणि थेट आतल्या खोलीत शिरले. सहा पोत्यांची कोठी उचलायला धोंडीबासकट चौघे लागले. पाकीट निघालं. एक कोपरा चेपलेला, पण चिकटवण जशीच्या तशी. त्या खोलीत उन्हाचा कवडसा येत नव्हता, आणि होळीपासून कुणी ते पाकीट जागचं हलवलं नव्हतं. साहेबांनी ते छातीशी धरलं.

"आणि ते कण?" धोंडीबाने विचारलं. "कोठीतून खाली गेले असतीन?"

"साब म्हनतात, ज्वारीले भेत नाई ते," पांडुरंगराव पडक्या आवाजात म्हणाले.

दीड वर्षाने टपालाने पुस्तक आलं. ते फोडून वाचायचं तर इंग्रजी येणारा माणूस गावात एकच होता : माणिकराव. पांडुरंगरावांनी धोतर नवं नेसलं, पोस्टाच्या ओट्यावर अख्खं गाव जमवलं आणि पुस्तक त्यांच्या हाती दिलं. "आभाराचं पान काढा. मोठ्यानं वाचा, मराठीतून."

माणिकरावांनी चष्मा पुसला, पान काढलं, वाचलं, आणि त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं.

"'बारावा नमुना सुरक्षित राखल्याबद्दल श्रीमती रेणुकाबाई यांचे आम्ही ऋणी आहोत. तसेच,'" माणिकराव थांबले, "'त्यांच्या पतीचेही.'"

"फुडं?"

"फुडं टिंब हाय."

"नाव?"

"नाव नाई. नुसते पती." माणिकरावांनी आधी पुस्तक मिटलं आणि मग खिशातली लग्नपत्रिका सरळ केली. "हे पती म्हंजे कोन हो, पांडुरंगराव?"

पुस्तक रेणुकाबाईंनी लाल फडक्यात बांधून भिंतीतल्या देवळीत ठेवलं. दसरा जवळ आला तसं बाजेवर पसरलं, पानं मोकळी केली, वर कडुलिंबाचा पाला टाकला आणि दुकानाकडे हाक मारली, "अवो, जरा वर या. कावळे येऊन राह्यले."

पांडुरंगराव काठी घेऊन उन्हात बसले. दुपारी पुस्तक उलटं करायलाही त्यांनाच सांगितलं होतं.