नानांचं डावं दार

नानांच्या हातून फडकं जमिनीवर पडलं की ते मेलं. नाना दोन पावलं मागे सरायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि डॉक्टरच्या आवाजात जाहीर करायचे, "पडनं. मरनं." मग ते फडकं दोन बोटांत धरून कुंपणावरून आमच्या अंगणात टाकलं जायचं. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात ओट्यापासून माझ्या स्कूटरपर्यंत सगळं नानांच्या मयत फडक्यांनीच पुसलं जातं. माझ्या बायकोने, सुमनने, सहा वर्षांत एक पोतेरं विकत आणलेलं नाही.

"नाना, धुऊन घ्या की. चांगलं मऊ फडकं आहे," असं मी एकदा म्हणून पाहिलं.

"मास्तर, त्यात एक खडा अडकला असंल. एकच. धुतल्यावर तो निघाला की नाही हे तुम्ही लिहून देता का?"

मी शाळेत इतिहास शिकवतो. हजार वर्षांपूर्वी काय घडलं ते मी बिनधास्त लिहून देतो, पण हे काही देता आलं नाही.

नाना म्हणजे आमचे शेजारी. धुळ्यात सरकारी खात्यात तेहतीस वर्षं ड्रायव्हर होते. माझ्याशी बोलताना ते साहेबांकडून उचललेली शहरी मराठी वापरत. आतलं काही निघालं की अहिराणीत घसरत. निवृत्त झाले, देवपूरची भाड्याची जागा सोडून इथे जळगावला घर बांधलं आणि आयुष्यातली पहिली स्वतःची गाडी घेतली. रंग गर्द निळा. आपल्याकडे धूळ अशी की सकाळी घासलेला पितळी तांब्या दुपारी मातीचा वाटतो. शहाणा माणूस पांढरी गाडी घेतो. पण अक्कांना निळा रंग आवडायचा. अक्का म्हणजे नानांची बायको. आम्ही शेजारी राहायला आलो त्याच्या आदल्याच वर्षी त्या गेल्या. मी त्यांना पाहिलं ते भिंतीवरच्या फोटोतच.

गर्द निळ्यावर बारीकसा चरासुद्धा फळ्यावर खडूने रेघ ओढावी तसा दिसतो. म्हणून नानांचा तो सोहळा. ऊन कंपाउंडच्या भिंतीवरून उतरायच्या आत गाडी धुऊन, पुसून झालीच पाहिजे, कारण तापलेल्या पत्र्यावर पाणी वाळलं की डाग धरतं. बोअरचं पाणी चालायचं नाही, त्याने पांढरे ठिपके पडतात. नळाला पाणी येईल त्या दिवशी ते पिंपात भरून ठेवलं जाई. नाना स्वतः बोअरचं पाणी प्यायचे आणि गाडीला नळाचं पाजायचे.

आधी झारीने नुसतं पाणी. टपापासून खाली, सावकाश, धूळ आपल्या पायांनी चालत उतरेपर्यंत. तोवर गाडीला बोट लावायचं नाही. "आधी पानी, मंग हात," हा नानांचा मंत्र. मग दोन बादल्या. पांढरीत साबणाचं पाणी, लालमध्ये साधं. दोन्हींच्या तळाशी भाजी धुवायची प्लास्टिकची जाळी उपडी घातलेली, म्हणजे खाली बसलेली माती परत वर यायची नाही. हातात लोकरीसारखा मऊ मोजा. तो पांढरीत बुडवायचा, गाडीवरून सरळ रेषेत एक हात मारायचा, लालमध्ये खळबळून काढायचा, पुन्हा पांढरीत. "लालमध्ये पाप सोडायचं, पांढरीतून पुण्य घ्यायचं." गोल गोल चोळणारा माणूस नानांच्या मते दरोडेखोर. चाकांसाठी वेगळं फडकं, तेही सगळ्यात शेवटी. पुसतानाही घासायचं नाही. मोठा पंचा पत्र्यावर अंथरायचा, वरून थोपटायचा, उचलायचा. तापल्या पोराच्या अंगावर ओली घडी ठेवतात ना, तसं.

चकाकी काय वर्णावी. एकदा एक रिक्षावाला समोरून आलेल्या रिक्षाला वाट द्यायला बराच वेळ हॉर्न वाजवत थांबला होता. ती समोरची रिक्षा म्हणजे नानांच्या गाडीच्या दारात दिसणारा तो स्वतःच होता. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सुमन म्हणते नाही पाहिलंय. तिचं सोडा.

मी एकदाच मदत करायला गेलो. बॉनेटवर कबुतराने कारभार केला होता, तो मी कोरड्या रुमालाने पुसला. नाना चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी कुंपणापाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "शाळेत पोरांना मारा मास्तर. मनी गाडीले नको."

आणि अशा गाडीच्या पुढच्या डाव्या दारावर, हँडलच्या खाली, चरे होते. दहा-बारा असतील. तिरपे, बारीक, कोंबडीने उकरावं तसे. बाकी गाडी आरसा आणि तेवढीच जागा उकरलेली. नवल म्हणजे तिथे आले की नाना हातातला मोजा काढायचे आणि ती जागा उघड्या तळव्याने धुवायचे. हळूहळू, खालून वर. मला वाटायचं, म्हातारा लाजतोय. एवढं जपूनही डाग राहिला म्हणून झाकतोय.

गेल्या फाल्गुनात नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. झारी बॉनेटवर धरायची ती तुळशीवर धरू लागले. मग देवपूरला राहणारी त्यांची मुलगी येऊन त्यांना ऑपरेशनसाठी धुळ्याला घेऊन गेली. जाताना नानांनी किल्ली माझ्या हातात दिली. "सावलीत राहिली पाहिजे. ऊन सरकलं तर गाडी सरकवायची. हात लावायचा नाही."

"हात नाही लावत नाना," मी म्हणालो. आणि शब्द पाळला. हात पॉलिशवाल्याने लावला.

माझ्या डोक्यात असं आलं, की माणूस नवे डोळे घेऊन येणार, तर त्यांना पहिलं काय दिसावं? उकरलेलं दार? मी रविवारी गाडी हायवेवरच्या पॉलिशवाल्याकडे नेली. त्याने मशीन फिरवलं. तासाभरात दार असं झालं, की त्यात बघून दाढी करावी. मी सबंध गल्लीला बोलावून दाखवलं. सुमन तेवढी म्हणाली, "विचारायचं तरी होतं." मी म्हणालो, "चांगल्या कामाला काय विचारायचं?"

आठवड्याने नाना काळा चष्मा लावून परतले. रिक्षातून उतरले ते घरात गेलेच नाहीत, सरळ गाडीपाशी गेले. मी मागे उभा, शाबासकी घ्यायला छाती काढून. नानांनी चष्मा काढला. डाव्या दारापाशी वाकले. मग डोळे मिटले आणि तळवा दारावर ठेवला. खालून वर नेला. पुन्हा खालून वर. तळव्याला कुठे काही लागेना.

"हाई कोनी करं?"

"मीच, नाना. म्हटलं नव्या डोळ्यांना..."

"चांगलं करं," नाना म्हणाले, आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी धुतली. ऊन डोक्यावर आल्यावर, बोअरच्या पाण्याने. एकच बादली होती, पांढरी. लाल बादली नळाखाली उपडी पडली होती. फडकं हातातून खाली पडलं, ते त्यांनी तसंच उचललं आणि त्यानेच बॉनेट पुसलं. गोल गोल. मी कुंपणापाशी उभा राहून त्या फडक्याची वाट बघत होतो. ते आमच्याकडे आलं नाही. पंधरा दिवसांत गाडीवर पांढऱ्या ठिपक्यांची देवी उठली.

शेवटी मी गेलो आणि विचारलं. नाना ओट्यावर बसले होते.

"तेहतीस वर्षं साहेबांच्या बायकांसाठी दार उघडलं मी," ते म्हणाले. "हिच्यासाठी एकदा नाही. ही आपली आपण उघडायची. हँडलची सवय नव्हती तिला. हाताने चाचपायची, पाटल्या घासायच्या. मी ओरडायचो. दर वेळी. म्हणायचो, नवी गाडी आहे, हात नीट चालव. एक दिवस पाटल्या, बांगड्या, सगळं काढून आली. सवाशीण बाई, मोकळ्या हाताने गाडीत बसली. म्हणाली, आता नाही व्हायचे चरे. तवापासून झाले नाहीत. जेवढे झाले तेवढेच होते, मास्तर."

नवा एकही चरा नाना का पडू देत नव्हते ते मला तेव्हा कळलं. अक्कांच्या चऱ्यांत दुसरा कुणाचा मिसळायला नको होता.

माणूस शरमला की एक तर गप्प बसतो नाहीतर आणखी मोठा गाढवपणा करतो. मी गप्प बसणाऱ्यातला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, नाना जेवून आडवे झाल्यावर, मी सुमनची पाटली कपाटातून न विचारता काढली आणि त्यांच्या अंगणात गेलो. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. हँडलखाली पाटली टेकवली, तिरपी ओढली. पत्रा किंचाळला. दुसरी ओढणार, तोच मागे चप्पल वाजली.

नाना दारात उभे होते, डोळ्यांवर काळा चष्मा. जवळ आले. माझ्या हातातल्या पाटलीकडे पाहिलं, चऱ्याकडे पाहिलं. चऱ्यावरून बोट फिरवलं.

"तुनी बायको उंच शे, मास्तर," ते म्हणाले. "आमच्या हिचा हात इतला वर पोचत नव्हता."

मी पाटली खिशात घातली. चरा काही पुसून टाकण्याजोगा नव्हता.

"राहू दे," नाना म्हणाले. "दार बोडकं दिसत होतं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुंपणापलीकडून हाक आली. अंगणात दोन बादल्या होत्या. नळाच्या पाण्याचं पिंप भरलेलं होतं. नानांनी झारी माझ्या हातात दिली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"आधी पानी," ते म्हणाले.

मी टपावरून पाणी सोडत राहिलो आणि ते मोजा फिरवत राहिले. डाव्या दारापाशी आल्यावर त्यांनी मोजा काढून बादलीच्या काठावर ठेवला. ओला तळवा मी ओढलेल्या चऱ्यावर क्षणभर थांबला आणि चार बोटं खाली उतरला. जिथे आता काहीच नव्हतं ती जागा नाना धूत राहिले. खालून वर, सावकाश. माझी झारी संपली. मी ती पिंपात बुडवून पुन्हा भरली.