लिंबाखालची वही

करमाळ्याचे मानसिंगराव मुलीसाठी चौकशीला येणार म्हटल्यावर गिरणीतल्या जोतीरामानं छाती ठोकून निरोप धाडला होता, "चौकशी कुणाकडंबी करा. दारू न्हाय, पत्ते न्हाय, वर सोमवारचा कडक उपास."

इंग्रज सरकारचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, उठल्यापासून चाळीसमोरच्या लिंबाखाली साध्या वेशातला एक पोलीस बसायचा, महादेवप्पा. जोतीराम एकदा स्वराज्याच्या सभेत अगदी पुढं बसला होता, तिथं सावली होती म्हणून! तेव्हापासून तो कुठं जातो, काय खातो, सगळं महादेवप्पाच्या वहीत. हा गुप्त पोलीस आहे हे साऱ्या चाळीला ठाऊक, कारण तसं त्यानंच सांगितलं होतं. बायका त्याच्या भरवशावर पापड वाळत घालायच्या. "राग येत न्हाय व्हय?" असं कुणी विचारलं की जोतीराम हसायचा. "चाळीत शिंकलो तर चार घरचा काढा येतोय. त्यात ह्यो पाचवा."

मानसिंगराव आले. शेजारची म्हातारी कमलम्मा म्हणाली, "पोरगा म्हंजे देवमाणूस." पलीकडच्यांनीही तेच सांगितलं. मानसिंगरावांचं तोंड उतरत चाललं. "शेजारी चांगलंच सांगणार की," म्हणत ते उठायला लागले. स्थळ हातचं चाललं! जोतीराम पुढं झाला.

"मग ह्यांस्नी इचारा," त्यानं लिंबाखाली बोट दाखवलं. "सहा म्हैने माज्या मागं हाईत."

"सरकारी गुपित हाय ते," महादेवप्पा म्हणाला.

"आन् सहा म्हैने चहा कुणाचा पिलास?" कमलम्मानं विचारलं.

महादेवप्पानं वही उघडली. "सोमवार. गिरणी सुटली. हाटेलात भजी, दोन पलेटी." बोटाला थुंकी लावून त्यानं पान उलटलं. "पुढचा सोमवार. तीन पलेटी."

जोतीरामाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"दारू?" मानसिंगरावांनी विचारलं.

"न्हाय."

"पत्ते?"

"मला एक भिडू कमी पडत हुता, तरी ह्यो बसला न्हाय."

मानसिंगराव पहिल्यांदा हसले. "देवमाणसाला पोरगी द्यायची म्हंजे भ्या वाटतं. भजी खाणारा बरा. जमलं म्हणा."

मानसिंगरावांची राजाबाई नांदायला आली. पहिल्याच सोमवारी जोतीराम गिरणीतून तोंड पुसत घरी आला. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि शांतपणे विचारलं, "दोन का तीन?"

बाहेर लिंबाखाली महादेवप्पा तिच्या हातची गरम भाकरी मिटक्या मारत खात होता.

जोतीराम त्याच्याजवळ जाऊन बसला. हळूच म्हणाला, "महादेवप्पा, तुमची बदली कवा हाय?"