साडेअकरा एकरांचा हक्क

कळमनुरी तालुक्यातल्या खडकवाडीने १९७३ च्या पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनानंतर आणि पेढ्यांच्या आधी, निजामाच्या काळात गमावलेला साडेअकरा एकरांचा माळ शेजारच्या उमरदरीकडून परत घेण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. गावाची लोकसंख्या चारशे बारा, रेडिओ एक. त्या रेडिओवर युद्धाच्या बातम्या ऐकल्यापासून सरपंच संतरामला आपलं गाव फारच लहान वाटू लागलं होतं.

त्या माळावर प्रेमसिंग नायकाचा तांडा तीस वर्षं राहत होता. ठरावात तांड्याचा उल्लेख नव्हता आणि तांड्याला पाणी नव्हतं. प्रेमसिंगची बायको जिवनबाई दीड कोसावरच्या ओढ्यात झिरा उकरून घागर भरायची. यंदा तिच्या गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा हातपंपाचा अर्ज घेऊन प्रेमसिंग संतरामकडे गेला.

"नायक, माळ आपलाच हाय," संतराम गहिवरून म्हणाला. "पण ताबा न्हाई. ताब्यात नसलेल्या जमिनीत भोक कसं पाडावं? आधी माळ मुक्त होऊ द्या."

उमरदरीचा सरपंच मुंजाजी तितकाच प्रेमळ निघाला. "ताबा बराबर आमचाच. पर तकरार चालू हाय ना! पंप बसवला अन् उद्या माळ गेला, तर पंप बी त्यायलाच जायचा."

तहसीलच्या कारकुनाने मार्ग काढला. दोन्ही गावांची ना-हरकत पत्रं आणा, म्हणाला. पण शेजाऱ्याच्या पत्राशेजारी आपलं पत्र जोडणं म्हणजे शेजाऱ्याचा हक्क कबूल करणं, हे दोन्ही सरपंचांनी आपापल्या घरी बसून ओळखलं. इतकं एकमत त्यांच्यात पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग खडकवाडीने माळमुक्ती समिती नेमली, उमरदरीने माळरक्षण समिती. दर आठवड्याला एक समिती 'माळ आमचा' अशी पाटी ठोकून जाई. दुसरी ती उपटून स्वतःची ठोके. मजकूर तोच असल्यामुळे पाटी कोणाची, ते फक्त ठोकणाऱ्यालाच कळे. उपटलेल्या पाट्या जिवनबाई चुलीत घाली. सरपणाची ददात मिटली. भात शिजवायला पाणी तेवढं नव्हतं.

वैशाखात टंचाईच्या योजनेतून, ना-हरकत न विचारताच, बोअरची गाडी आली. ती माळावर पोचताच दोन्ही सरपंच चाकांपुढे आडवे झाले. प्रेमसिंग हात जोडून मधे उभा राहिला.

"माळ तुमचा बी व्हय, ह्यांचा बी व्हय. आमची तहान कोणाच्या हद्दीत येते, तेवढं लिहून द्या."

संतरामने पडल्यापडल्या विचार केला. "तहान ज्याची त्याची खाजगी बाब हाय, नायक. जमिनीचं तसं न्हाई."

"हे मात्र बराबर," शेजारून मुंजाजी म्हणाला.

काम न करता परत कसं जायचं, म्हणून गाडीने खडकवाडीच्या चावडीपुढे भोक पाडलं. तिथला तो तिसरा पंप. तांड्यापासून ओढ्याहूनही लांब.

पुढच्या पंधरा ऑगस्टला चावडीच्या भिंतीवर गावाचा नकाशा रंगवला गेला. गमावलेला माळ तांबडाभडक. प्रेमसिंगने त्यावर बोट फिरवून आपलं घर शोधलं.

"नुसती जमीन दाखवायची ठरलंय," संतराम म्हणाला.

"मंग जिवनबाई घागर घेऊन चालती, ते कुठं दाखवलंय, सरपंच?"

तेवढ्यात पेढे आले, आणि संतराम तिकडे वळला.

ही गोष्ट ऐकून लोक हळहळतात. जिवनबाईच्या गुडघ्यांसाठी चुकचुकतात. मग हळूच विचारतात, "पण काय हो, माळ खरा कोणाचा?" तुमच्याही ओठांवर तेच आलं असेल, तर चावडीवर या. समितीत अजून एक जागा रिकामी आहे.