खडकावरची शिखर परिषद

एका जंगलात, बाळांनो, ससे होते आणि बोरं होती. मीठ मात्र नव्हतं. मिठावाचून सशांची पिल्लं मलूल पडत, पाय ओढत चालत. मीठ होतं ओढ्यापलीकडच्या जंगलात, तिथल्या खाऱ्या मातीत.

मग व्यापार कसा चाले? मुकाट्याने. ससे ओढ्यातल्या सपाट खडकावर बोरांचा ढीग ठेवत, मागचा पाय आपटत आणि झुडपात पाठ फिरवून बसत. पलीकडचं कुणीतरी येई, ढिगाशेजारी खारी माती ठेवी आणि तसंच जाऊन बसे. माती कमी वाटली तर ससे तिला हात लावत नसत. मग पलीकडचे मुकाट आणखी आणून टाकत. वळून बघायचं नाही, हा दोन्हीकडचा रिवाज. त्यामुळे पलीकडे कोण आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आजे-पणजे मीठ खाऊन सुखाने मेले.

सशांचा म्होरक्या भुरकोजी. गडी भला, पण त्याला वाचनाचा नाद लागला होता. त्या सुमारास डॉ. पिंगळे यांचं 'सीमापार व्यापार आणि उद्याची वनव्यवस्था' हे जाडजूड पुस्तक निघालं. पिंगळे म्हणजे उंबराच्या ढोलीतलं घुबड. ढोलीबाहेर ते फारसे पडत नसत. म्हणूनच त्यांना सगळं जग एकदम दिसे.

पुस्तकात लिहिलं होतं, 'जिथे वाटाघाटी नाहीत, तो व्यापार नव्हे, भीक.' हे भुरकोजीला फार लागलं. इतकी वर्षं आपण भीक मागत होतो? पुढे लिहिलं होतं, 'भागीदाराला समोरासमोर भेटा. त्याची खरी गरज ओळखा.'

"मी शिखर परिषद घेणार," भुरकोजी बायकोला म्हणाला.

"अहो, मीठ वेळेवर येतंय ना?" पिल्लांना चाटत रानूबाई म्हणाली. "मग पलीकडच्यांची ओळख करून घेऊन तिचं काय लोणचं घालायचंय?"

"तुला जागतिक दृष्टी नाही."

"नसू दे. मला पिल्लं आहेत."

पण एकदा डोक्यात पुस्तक शिरलं की तिथे बायकोला जागा कुठली? पुढच्या खेपेला भुरकोजीने बोरं ठेवली, पाय आपटला आणि खडकावरच उभा राहिला. मागे सगळे धडधाकट ससे, गळ्यात गवताच्या माळा घालून.

पलीकडची झुडपं हलली आणि बाहेर आले कोल्हे.

कोल्हेही चाट पडले. बोरं धाडणारी वानरं असतील, असा त्यांचा समज होता. पण भुरकोजीच्या तोंडातून पाठ केलेलं भाषण निघालंच.

"आदरणीय भागीदारहो, आपली खरी गरज काय, ती मोकळेपणाने सांगा."

कोल्ह्यांचा पुढारी अदबीने म्हणाला, "आम्हीही डॉक्टरसाहेबांचं पुस्तक वाचलंय, बरं का. आजवर बोरांवर भागवत होतो. खरी गरज आम्हालाही आत्ताच कळली."

परिषद फार वेळ चालली नाही.

हसू नका रे. त्या माळा घालून गेलेल्यांत कुणाचा बाप होता, कुणाचा भाऊ. एक कान देऊन घरी आला तो भुरकोजी तेवढा. त्या दिवसापासून मीठ बंद झालं. रानूबाईची पिल्लं पाय ओढू लागली आणि रानूबाई नवऱ्याशी बोलेनाशी झाली.

भुरकोजी तणतणत उंबराखाली गेला.

"डॉक्टरसाहेब, तुमच्या पुस्तकापायी माझे भाऊबंद गेले! मीठ गेलं! पोरं उभी राहत नाहीत!"

पिंगळ्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांचे डोळे आणखीच मोठे झाले.

"वा! दुसऱ्या आवृत्तीला अगदी हेच प्रकरण कमी होतं. प्रस्तावना तुम्हीच लिहा, भुरकोजीराव. स्वानुभव आहे तुमच्यापाशी."

भुरकोजीने उरलेला कान ताठ केला.

"किती पानं हवीत?" त्याने विचारलं.

तात्पर्य : पुस्तक वाचून व्यापार करू नये, असं कुणी सांगेल. ऐकू नका. तुम्ही बुडाला नाहीत, तर विद्वानांनी लिहायचं कशावर?